मागचं सस्पेन्शन स्वतः आखताना: शॉक सगळ्यात शेवटी घ्या

वाळवंटी शर्यतीची गाडी बांधायला घेतलेला नवा माणूस पहिली खरेदी करतो ती शॉकची, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरची. मीही तेच केलं. जाडजूड, बाजूला टाकी असलेले दोन शॉक महिनाभर कपाटात ठेवून रोज बघायचो. मग शॉकच्या लांबीला जुळतील असे ब्रॅकेट केले, ब्रॅकेटला जुळतील असे आर्म, आणि आर्मला जुळेल अशी चासी. सगळी उलटी गंगा. गाडी पहिल्यांदा जॅकवर उचलली, ॲक्सल खाली लटकला आणि प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागचा ॲक्सल फिरवणाऱ्या दांड्याचा) योक, म्हणजे टोकाचा दोन कानांचा सांधा, स्वतःच्याच कानाला घासायला लागला. शॉकमध्ये अजून चार बोटं चाल शिल्लक होती. ती त्या गाडीला कधीच वापरता आली नाही.

म्हणून इथला क्रम त्याच्या उलट आहे. आधी चाक कुठून कुठपर्यंत जाणार ते ठरवायचं, मग ॲक्सलला तिथे नेणाऱ्या लिंका, म्हणजे ॲक्सल चासीला जोडणारे दांडे, मग शाफ्ट, आणि शॉक अगदी शेवटी. उदाहरणासाठी मी सलग ॲक्सलची, फक्त मागची चाकं ओढणारी, चार लिंकांची गाडी धरली आहे. कमानपाटे काढून पहिल्यांदा लिंका बसवणाऱ्याला हीच रचना सगळ्यात सोयीची. चाकं स्वतंत्रपणे हलणारं मागचं सस्पेन्शनही करता येतं, पण त्यात हाफ-शाफ्टच्या कोनांचं आणखी एक दुखणं मागे लागतं. पहिल्या गाडीला ते नको.

नियमपुस्तक आणि टायर

कागदावर रेघ ओढण्याआधी तुमच्या वर्गाचे नियम वाचा. डाकार रॅलीत २०२२ पासून आलेल्या टी१ प्लस वर्गात चाकाच्या चालीला ३५० मिमीची मर्यादा आहे आणि टायर ३७ इंची. मेक्सिकोतल्या बाहा शर्यतींच्या ट्रॉफी ट्रकांचा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची चाल, याच्या दुपटीहून जास्त असतो. या दोन गाड्यांची आखणी एकाच वहीत होऊच शकत नाही.

आपण ६०० मिमी ट्रॅव्हल आणि ३७ इंची टायर धरू. टायरचा व्यास ९४० मिमी, गाडीच्या वजनाखाली ॲक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण ४५० मिमीवर. या ६०० मधला एक तृतीयांश, म्हणजे २०० मिमी, खाली लटकण्यासाठी ठेवायचा आणि ४०० मिमी वर दबण्यासाठी. नव्या लोकांना खालचे २०० वाया गेल्यासारखे वाटतात. तसं नाही. खड्ड्यावरून जाताना चाक खाली पोचलंच नाही, तर पुढच्या उंचवट्यावर ते हवेतून येऊन आदळतं.

आता भिंतीवर किंवा फरशीवर खडूने खऱ्या मापात बाजूचं चित्र काढा. संगणकावर काढत असाल तरी एकदा फरशीवर काढाच. टायरचे तीन गोल: पूर्ण लटकलेला, उभ्या गाडीचा, पूर्ण दबलेला. सगळ्यात वरच्या गोलाभोवती चार बोटं मोकळी जागा ठेवा, कारण टायर वेगात फुगतो आणि त्याला चिकटलेला चिखल त्याहून फुगतो. इंधनटाकी, जादा टायर, एक्झॉस्ट यांच्या जागा त्याच चित्रात आधी भरा, मागाहून नाही.

खालचे आर्म

चार लिंकांतल्या खालच्या दोन म्हणजे खालचे आर्म. हा आर्म जितका लांब, तितका चाकाचा मार्ग सरळ. आकडा बघा. आर्म १२०० मिमीचा. त्याचं चासीकडचं टोक जमिनीपासून ५०० मिमीवर आणि ॲक्सलकडचं ३८०वर, म्हणजे उभ्या गाडीत आर्म मागे १२० मिमी उतरता आहे. चाक पूर्ण दबलं की हे टोक पुढच्या टोकाच्या २८० वर जातं, पूर्ण लटकलं की ३२० खाली. या सगळ्या प्रवासात ॲक्सल पुढेमागे सुमारे ४४ मिमी सरकतो. तेच आर्म ७५० मिमीचे केले तर ७२ मिमी. हे जास्तीचे २८ मिमी तुमच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सरकत्या टोकातून जाणार आहेत, हे लक्षात असू द्या.

मागे उतरत्या आर्मचा एक फायदा म्हणजे उंचवटा लागला की चाक वर जाता जाता आधी थोडं मागे सरकतं. दणका अंगावर घेण्याऐवजी त्याच्यासोबत जातं. पण हाच उतार वळणावर त्रास देतो. गाडी कलली की बाहेरचं चाक वर जाताना मागे सरकतं, आतलं खाली जाताना पुढे येतं, आणि अख्खा ॲक्सल किंचित तिरपा होऊन मागचा भाग वळणाबाहेर ढकलतो. स्टीयरिंगला हात न लावता गाडी मागून वळते. बोटभर उतार चालतो. ‘जास्त क्लिअरन्स मिळेल’ म्हणून पुढचं टोक हातभर वर चढवलंत, तर वेगातल्या लांब वळणावर त्याची किंमत मोजाल.

वरच्या लिंका आणि ते बदनाम टक्के

वरच्या दोन लिंका वरून पाहिल्यावर इंग्रजी व्हीसारख्या तिरप्या ठेवायच्या. ॲक्सलवर त्यांची टोकं डिफरेन्शियलच्या वर जवळजवळ, चासीवर दूर. असं केलं की ॲक्सल आडवा सरकत नाही आणि वेगळा आडवा दांडा लागत नाही. आतला कोन मात्र ढोबळमानाने ४० अंशांच्या खाली नेऊ नका. त्याच्या खाली लिंकांवरचा आडवा भार भराभर वाढतो आणि गाडीची मागची बाजू लोळल्यासारखी वाटते.

आता अँटी-स्क्वॉट, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीची मागची बाजू खाली बसण्याला लिंका किती टक्के अटकाव करतात ते. यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण काढायची रीत दहा मिनिटांची आहे. बाजूच्या चित्रात खालच्या आर्मची आणि वरच्या लिंकची रेघ पुढे वाढवा. त्या जिथे मिळतात तो बिंदू म्हणजे आभासी केंद्र. मागच्या टायरच्या जमिनीवरच्या टेकण्यापासून त्या बिंदूतून रेघ काढा आणि ती पुढच्या ॲक्सलच्या उभ्या रेषेला किती उंचीवर छेदते ते मोजा. त्या उंचीला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा आणि शंभराने गुणा.

आपल्या चित्रात वरची लिंक ९०० मिमी लांब धरू, ॲक्सलवर ७०० मिमी उंचीला, चासीवर ७३० ला. व्हीलबेस ३००० मिमी, गुरुत्वमध्य ८०० मिमीवर. रेघा ४८०० मिमी पुढे, ८६० मिमी उंचीवर मिळतात. पुढच्या ॲक्सलवरची उंची येते सुमारे ५३७. म्हणजे ६७ टक्के. आता वरच्या लिंकचा फक्त चासीकडचा बोल्ट ५० मिमी खाली, ६८० वर आणा. रेघा २६१८ मिमीवरच मिळतात आणि आकडा एकदम ९२ टक्क्यांवर जातो. एका भोकाने २५ टक्के! म्हणून चासीवरच्या वरच्या ब्रॅकेटला एकच भोक पाडू नका, उभ्या ओळीत तीन पाडा. पहिल्या चाचणीनंतर तुम्ही माझे आभार मानाल.

किती ठेवायचे? शंभराच्या वर गेलात की ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागची बाजू उचलते, सस्पेन्शन ताठरतं आणि लाटांच्या, म्हणजे ओळीने येणाऱ्या उंचवट्यांच्या, पट्ट्यात चाकं टणाटण उडतात. डांबरावरच्या ड्रॅग गाडीला ते हवं असतं, आपल्याला नको. मी ६० ते ९० च्या मध्ये कुठेतरी सुरुवात करतो. आणि हा आकडा फक्त उभ्या गाडीचा. ॲक्सल वरखाली झाला की तो बदलतो, तेव्हा पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण लटकलेल्या स्थितीतही काढून बघा. एखाद्या टोकाला तो दीडशेवर उडी मारत असेल तर रचना परत आखा.

याच चित्रातून लिंकांवरचा भारही मिळतो. ॲक्सलवर वरची लिंक ७०० वर, खालचा आर्म ३८० वर, अंतर ३२०. टायरने जमिनीवर जो जोर लावला त्याच्या जवळजवळ २.२ पट जोर दोन खालच्या आर्मांवर मिळून येतो, आणि वरच्यांवर उलट दिशेने १.२ पट. अंतर निम्मं केलंत तर हे आकडे जवळपास दुप्पट होतील. जागा मिळेल तितकं हे अंतर वाढवा.

सरळ पाइपचा आर्म आणि माझा तिसरा दिवस

शॉक खालच्या आर्मवर बसवायचा असेल, आणि मोठ्या ट्रॅव्हलला तसाच बसवावा लागतो, तर आर्म फक्त ओढणारा-ढकलणारा दांडा राहत नाही. त्याला वाक येतो. मागच्या एका चाकावरचं, स्प्रिंगने उचललेलं वजन ४५० किलो धरा. गाडी आदळताना त्याच्या चौपट भार आला, तर चाकाकडून वर सुमारे १७,७०० न्यूटन. शॉकचा बोल्ट ॲक्सलकडच्या टोकापासून ४०० मिमी पुढे असेल, तर त्या बोल्टपाशी आर्मवर ७,००० न्यूटन-मीटरच्या वर वाकण पडते.

माझ्या पहिल्या गाडीला मी चांगला जाड सरळ पाइप लावला होता. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी उजवीकडे खेचायला लागली. खाली वाकून बघितलं तर उजवा आर्म शॉकच्या बोल्टपाशी केळ्यासारखा वाकलेला. वेल्ड शाबूत, पाइप शाबूत, फक्त आकार केळ्याचा.

असा आर्म पत्र्याची पेटी करून किंवा खाली-वर दोन पाइप आणि मध्ये तिरपे टेकू देऊन बांधतात. शॉकच्या बोल्टपाशी त्याची खोली सगळ्यात जास्त हवी आणि दोन्ही टोकांकडे निमुळता. ४१३० क्रोमोली चांगलं, पण ते टिग वेल्डने, नीट साफ केलेल्या कडांवर, सावकाश जोडायचं. हात बसलेला नसेल तर वेल्डिंग जाणत्या माणसाकडून करून घ्या. इथे हौस नको.

बोल्ट नेहमी दोन कानांच्या मध्ये. एका कानाला बाहेर लटकवलेला बोल्ट वाळवंटात टिकत नाही. टोकांना रॉड-एंड किंवा युनिबॉल (आत गोळा फिरणारे सांधे) घेताना ते किती तिरपे होऊ शकतात ते बघा. सरळ वर-खालीत सगळं सुरळीत चालतं. एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली असताना मात्र गोळा कडेला टेकतो, आणि टेकला की शँक, म्हणजे सांध्याची दांडी, मोडतो.

प्रॉपेलर शाफ्ट

मी पहिल्या गाडीत इथेच मेलो. स्प्रिंगा आणि शॉक न लावता, फक्त लिंका टॅक करून, म्हणजे तात्पुरत्या ठिपक्यांनी वेल्ड करून, ॲक्सल जॅकवर घ्या. चासी भक्कम घोड्यांवर (स्टँडवर), कधीच जॅकच्या भरवशावर नाही. मग पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत २५-२५ मिमीने ॲक्सल उचला आणि प्रत्येक पायरीला तीन आकडे वहीत लिहा: पिनियनचा (शाफ्ट जोडलेल्या डिफरेन्शियलच्या गिअरचा) कोन, जॉइंटचा कोन आणि दोन योकांमधलं अंतर.

हे अंतर टोकांनाच सगळ्यात जास्त किंवा कमी असेल असं धरू नका. बऱ्याचदा सगळ्यात लांब माप मध्येच कुठेतरी मिळतं, आर्म आडवा होतो तिथे. सरकतं टोक त्या वेळी पुरेसं आत हवं, आणि सगळ्यात आखूड मापाला तळाला टेकायला नको. जॉइंटचा कोन कंपनीने दिलेल्या कमाल कोनाच्या चार-पाच अंश आधीच थांबवा. जमत नसेल तर वरच्या लिंकची लांबी बदलून पिनियनचा कल सुधारतो का बघा. तरीही नाही जमलं तर ट्रॅव्हल कमी करा. ५५० मिमी नीट चालणारा ट्रॅव्हल ६०० मिमी शाफ्ट तोडणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

ब्रेकचा होज, ॲक्सलची हवा जाण्याची नळी आणि हँडब्रेकची केबल याच वेळी लांबीला तपासा. कंटाळवाणं काम, पाच मिनिटांचं.

आता शॉक

शॉकची चाल चाकाच्या चालीपेक्षा कमी असते. आपला शॉक आर्मच्या दोन तृतीयांश लांबीवर, जवळजवळ उभा. त्यामुळे ६०० मिमीला ४०० मिमी चाल, म्हणजे १६ इंची शॉक बरोबर बसतो. या दोन तृतीयांशाला मोशन रेशो म्हणतात, आणि स्प्रिंगच्या हिशोबात तो वर्गाने येतो. शॉक २० अंश तिरपा केलात तर तेवढ्यानेच चाकाशी जाणवणारी स्प्रिंग सुमारे १२ टक्के नरम होते.

स्प्रिंगचा हिशोब सोपा आहे. गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर घ्या: इंधन, जादा टायर, हत्यारं, आत दोन माणसं. एका चाकावरच्या वजनातून चाक, ब्रेक, अर्धा ॲक्सल आणि अर्धा आर्म वजा करा. उरले ४५० किलो, म्हणजे ४,४१५ न्यूटन. हे वजन २०० मिमी बसायला हवं, म्हणून चाकाशी २२ न्यूटन प्रति मिमी. दोन तृतीयांशाच्या वर्गाने भागलं की शॉकवरची स्प्रिंग येते साधारण ५० न्यूटन प्रति मिमी. गाडीची झोक्याची गती १.१ हर्ट्झ, आपल्या कामाला ठीक.

एकाच स्प्रिंगऐवजी एकावर एक दोन लावल्या, समजा वर ८० ची आणि खाली १३० ची, तर मिळून तेच ५० च्या आसपास मिळतात. फायदा असा की मधली सरकती रिंग ठरलेल्या ठिकाणी अडवली की वरची स्प्रिंग थांबते आणि फक्त १३० ची उरते. चाकाशी २२ चे एकदम ५८ होतात. हा बदल चालीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ठेवा. फार लवकर ठेवलात तर लाटांमध्ये प्रत्येक वेळी धक्का जाणवेल.

पण स्प्रिंग सगळं सांभाळेल या भ्रमात राहू नका. गाडी उडाली आणि चाक जमिनीपासून १ मीटर वर आहे असं धरा. चाक टेकल्यावर चासी आणखी ६०० मिमी खाली येते, म्हणजे थोपवायची ऊर्जा एका कोपऱ्यावर ७,०६४ ज्यूल. आपली ५० ची स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत त्यातले सुमारे ४,००० घेते. उरलेले ३,००० हून जास्त शॉकच्या तेलाने आणि बंप स्टॉपने (चाल संपताना टेकणाऱ्या अडसराने) खायचे आहेत. आणि स्प्रिंगने घेतलेले ४,००० ती लगेच परत करणार, तेही शॉकनेच थोपवायचे. दर काही सेकंदांनी हे घडलं की तेल तापून पातळ होतं आणि शॉक दम सोडतो. मोठ्या व्यासाचे शॉक आणि बाहेरची टाकी याचसाठी लागते.

बायपास शॉकच्या अंगावर ज्या नळ्या दिसतात, त्या मधल्या चालीत तेलाला पिस्टनला वळसा घालून जायची वाट देतात. त्यामुळे मध्ये शॉक नरम, आणि टोकाकडे नळ्या संपल्या की आपोआप कडक. पहिल्या गाडीला एका बाजूला एक बायपास आणि एक स्प्रिंगवाला असे जोडीने लावले, तर सेटिंग समजायला सोपं जातं. एकाने वजन उचलायचं, दुसऱ्याने झटका जिरवायचा. शॉकमधला नायट्रोजन मात्र घरच्या जुगाडाने भरू नका.

थांबवणारे

शॉक हा कधीच शेवटचा अडसर नसावा. खाली लटकताना चासी आणि ॲक्सलमध्ये बांधलेला पट्टा आधी ताणला जावा, वर दबताना बंप स्टॉप आधी लागावा. पट्टा भाराखाली ताणतो, म्हणून नवा पट्टा लावताना शॉक पूर्ण उघडण्याच्या आधी १५ मिमी तरी राखून ठेवा आणि चाचणीनंतर परत मोजा. हायड्रॉलिक बंप स्टॉप शेवटच्या ५०-७५ मिमीसाठी असतात. ते आर्मवर टेकवायचे असतील तर शॉकच्या बोल्टाच्या जवळ टेकवा. पूर्ण दबल्यावर चासीचं पोट जमिनीला टेकतं का, हेही याच वेळी बघा.

लाटांचा पट्टा

पहिल्या चाचणीला शॉकच्या दांड्यावर केबल-टाय घट्ट बसवा आणि सगळ्या नटांवर रंगाची रेघ मारा. वेग कमी ठेवून सारख्या अंतराच्या लाटांवर एकाच रेषेत चार-पाच वेळा जा. पहिल्या तीन लाटा छान आणि चौथी-पाचवीला गाडी आदळते, तर रिबाउंड, म्हणजे शॉक उघडतानाचा अटकाव, जास्त आहे. शॉक उघडायला वेळच मिळत नाही आणि गाडी थोडी थोडी खाली बसत जाते. उलट, प्रत्येक लाटेनंतर मागची बाजू लाथ मारल्यासारखी उडत असेल तर रिबाउंड कमी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, एकाच दिशेने, आणि आधीचं सेटिंग वहीत.

प्रत्येक फेरीनंतर थांबून तापमापकाची बंदूक दोन्ही शॉकवर धरा. डावा-उजवा फरक मोठा असेल तर एकाचा गॅस गेलेला असतो किंवा एखादी नळी चुकीची उघडलेली. केबल-टाय अर्ध्यावरच राहिला असेल तर स्प्रिंग किंवा कंप्रेशन (शॉक दबतानाचा अटकाव) जास्त आहे. दर वेळी टोकाला गेला असेल तर कमी आहे. दिवसभरात दोन-तीनदाच टोकाला जावा, तेव्हा समजा जुळत आलं. मग गाडी घोड्यांवर घ्या, रंगाच्या रेघा सरकल्यात का बघा, आणि खालच्या आर्मचे वेल्ड फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात एकेक करून तपासा. केसाएवढी रेघ पहिल्यांदा शॉकच्या बोल्टपाशीच दिसते.